प्रार्थनेचा विषय

नाही हो, चेहरा वाचला — देवाची कृपा, चेहऱ्यावर एक थेंब नाही. खांदा आणि हा असा अख्खा हात. माझी नात, चिमणी म्हणतो आम्ही, अजून शाळेतसुद्धा जात नाही. आत पट्टी बांधतायत, सून आहे जवळ. एकालाच आत सोडतात, म्हणून मी इथे बाकावर. तुमचं कोण आहे आत? यजमान? बरे होतील हो, बसा. मला बोलू द्या जरा, गप्प बसले की तिचं ते किंचाळणं पुन्हा कानात येतं.

काय झालं म्हणजे — निष्काळजीपणा, दुसरं काय! पोरीला सर्दी, वाफ द्यायची होती. उकळत्या पाण्याचं पातेलं कोणी स्टुलावर ठेवतं का, पोरीच्या हाताला येईल असं? आणि वर फोनवर बोलत राहायचं! लग्न होऊन आली तेव्हापासून बघतेय मी — दूध उतू जातं, दार उघडं राहतं, लक्ष म्हणून नाही. मुलाला लगेच कळवलं, तो कामावरून निघालाय. असा तापलाय! म्हणाला, आज तिला बघतोच. — मी काय सांगितलं? झालं ते सांगितलं. तुझ्या बायकोचं लक्ष नव्हतं, म्हटलं. नव्हतंच ना. ती गच्चीवर होती, वाळलेले कपडे काढायला गेलेली —

हो, गच्चीवर. नाही, फोन तिच्याकडे नव्हता. फोन म्हणजे — माझा वाजला. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या बाई. त्यांचा घ्यावाच लागतो. आमची बायकांची प्रार्थनासभा असते ना, कुणाच्या घरी काय अडचण ते एकमेकींना कळवायचं. चहाडी नव्हे हं, प्रार्थनेचा विषय म्हणतात त्याला. मी सुनेचा विषय दिला. दर वेळी तिचाच देते. म्हटलं, हिला जबाबदारीची जाणीव यावी म्हणून प्रार्थना करा — खिडकीत उभी, तोंड रस्त्याकडे, पाठ आत — आणि मागे पातेलं पडल्याचा आवाज.

असं बघू नका हो माझ्याकडे. पाणी मीच उतरवून स्टुलावर ठेवलं, हो. जाताना ती म्हणाली होती, ‘आई, मी येईपर्यंत पाणी गॅसवरच राहू द्या.’ मला राग आला. मी पोरं वाढवली नाहीत का? म्हणून मुद्दाम उतरवलं — मुद्दाम म्हणजे — जाऊ दे. ती धावत आली, पोरीला उचललं, नळाखाली धरलं. मी टूथपेस्ट घेऊन उभी. म्हणाली, ‘आई, काही लावू नका, गाडी बघा.’ आवाज चढवला नाही. आणि इथे डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुणी ठेवलं होतं? मी तोंड उघडणार — खरंच उघडणार होते — तर हीच म्हणाली, ‘माझं चुकलं, डॉक्टर.’ माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. का म्हणाली असेल असं? मला वाचवायला? की माझ्याशी वाद घालून थकलीय? मला विचारवत नाही.

रविवारी चर्चमध्ये मुलांना शिकवते मी. परवाचाच धडा — दुसऱ्याला दोष देण्याआधी स्वतःकडे बघा, प्रभू येशूने सांगितलंय. मुलांकडून पाठ करून घेतलं. एकीचा शब्द चुकला, तर तिला सगळ्यांसमोर उभं केलं. आणि मघाशी इथे डोळे मिटले, म्हटलं, प्रभू, पोरीला बरं कर आणि हिला क्षमा कर. हिला! आपोआप आलं हो ओठांवर. जोडलेले हात तसेच सोडले मी, तुम्ही पाहिलंत ना?

थांबा — तो आला. जिन्यातून येतोय तो माझा मुलगा. आणि सूनही आत्ताच बाहेर यायची होती! बघा कशी भिंतीला टेकून उभी आहे, तोंड उतरलंय अगदी. तो तिच्याकडेच चाललाय — ताई, उठता का जरा? तुम्ही तिकडे बसा, इथे तिला बसू दे. उठा हो, लवकर — अरे, थांब! तिला एक शब्द बोलू नकोस. इकडे ये, माझ्यासमोर उभा राहा. मी फोनवर तुला खोटं सांगितलं. पाणी मी —