भरती विद्यालयातला बोंबील

मेलरॉय : पंखा नको लावू. मी बसायला आलो नाय.

सँड्रा : दादा, भर उन्हात स्कूटरवरून आलायस पाचूबंदरहून. उमेळ्याच्या फाट्यावर किती धूळ आहे ती. बस तरी. पाणी आणते.

मेलरॉय : तो शब्द माझ्यासमोर काढू नको!

सँड्रा : कुठला शब्द?

मेलरॉय : तोच. परवा जेवताना आई नेहलला बोलली, पोरी, जरा पानी दे. तर माझी पोर उभी राहून आईला शिकवते, ‘आजी, पाणी म्हण. ण. जीभ वर लाव.’ दुसरीतली पोर! आईनं बिचारीनं दोनदा म्हनून बघितलं. नाय जमलं. तेव्हापासून नेहल समोर असली की आई बोलतच नाय. तांब्याकडे हात करते नुसती. मुक्यासारखी.

सँड्रा : आई? आपली आई गप्प बसते?

मेलरॉय : हां. मासळीच्या लिलावाला उभी राहिली की व्यापारी गप व्हायचे, ती लुसी. तिला तिच्या घरात गप केली. कोनी केली? तुझ्या कार्टूननं.

सँड्रा : असं कसं म्हणतोस? तूच अख्ख्या गावाला दाखवत फिरत होतास.

मेलरॉय : फिरलो. नाय कशाला म्हनू? भरती विद्यालय! बुडालेल्या बोटीतली शाळा, भरतीला भरते, ओहोटीला सुटते. माकूळ मास्तर आपल्याच शाईनं फळ्यावर लिहितो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसून हसून डोळ्यांतून पानी आलं माझ्या. जाळी शिवताना सगळ्यांना सांगितलं, माझी बहीन लिहिते हे. आन बोंबील बाबू आपल्यासारखा बोलतो. टीव्हीवर! आपली बोली! मला काय माहीत, तो हसायलाच ठेवलाय.

सँड्रा : हसायला नव्हता ठेवला. मी लिहिलेला बोंबील सगळ्या वर्गात चलाख होता. तो बोलायचा आणि फजिती व्हायची मास्तरांची. पहिले भाग आठव ना. मुलं मास्तरांवर हसायची.

मेलरॉय : आता कोनावर हसतात? बोंबील ‘कोन हाय’ बोलला की मागून हसायचा आवाज येतो. विनोद नसला तरी येतो. ऐकलास ना?

सँड्रा : ऐकलाय. तो मी घातला नाही. एडिटिंगला घातलाय. मी भांडले त्यावरून, दादा. मेलवर मेल केल्या.

मेलरॉय : मेल केल्या! आन मग?

सँड्रा : मग मला मीटिंगला बोलवायचे बंद झाले. स्क्रिप्ट घेतात, हवं तसं फिरवतात. नाव माझं राहतं.

मेलरॉय : तेच नाव नेहलच्या शाळेतल्या मोठ्या बाईंनी माझ्या तोंडावर मारलं काल. मी तक्रार करायला गेलो होतो. पोरं तिला बघून नाक धरतात, ‘बोंबील आली, बोंबील आली’ ओरडतात. वर्गात तिनं ‘पानी पिऊन येऊ?’ विचारलं तर बाई पन हसल्या. त्या दिवसापासून पोरगी दिवसभर तहानलेली राहते, पन विचारत नाय. भरलेली बाटली घेऊन जाते, ती संपली की संपली. हे सगळं सांगितलं. तर मोठ्या बाई काय बोलतात? ‘मुलं टीव्हीवर बघतात तेच करतात. आणि ते लिहिणारी तुमचीच बहीण ना?’ काय उत्तर देऊ मी? खाली मान घालून आलो. दर्यात वारा फिरला तरी मान खाली घातली नाय कधी.

सँड्रा : मला सांगायचंस ना आधी.

मेलरॉय : तू कधी येतेस घरी? नाताळला आलीस ती शेवटची. सोड ते काम. आजच्या आज सोड.

सँड्रा : सोडू? मी सोडलं तर बोंबील सुटेल असं वाटतं तुला? तो त्यांच्याकडेच राहणार. उलट आता मधे येणारी तरी आहे कुणीतरी. शेवटचा भाग काय लिहून घेतलाय त्यांनी माहितेय? दुसऱ्याकडून लिहून घेतलाय, मला नुसता वाचायला पाठवला, आज सकाळी.

मेलरॉय : काय हाय त्यात?

सँड्रा : माकूळ मास्तर बोंबलाला शुद्ध बोलण्याच्या वर्गात घालतात. तो रडतो, घोकतो, आणि शेवटी ‘पाणी’ म्हणतो. अख्खी शाळा टाळ्या वाजवते. त्याला मेडल मिळतं.

मेलरॉय : मेडल!

सँड्रा : हो.

मेलरॉय : आन नेहल हे बघनार. आई पन बघनार, तिच्या बाजूला बसून. फोन लाव त्याला. कोन हाय तो मोठा, त्याला लाव.

सँड्रा : संग्राम. दिग्दर्शक आहे. लावणारच होते. तू मधे बोलू नको पण.

मेलरॉय : स्पीकरवर लाव.

संग्राम : हां सँड्रा, बोल. पटकन हां, मिक्सिंगला बसलोय.

सँड्रा : शेवटचा भाग वाचला. तो असा जाणार नाही.

संग्राम : अगं, चॅनलला प्रचंड आवडलाय! पॉझिटिव्ह मेसेज आहे ना. मुलगा मेहनत करतो, सुधारतो. पालकांना असंच हवं असतं.

मेलरॉय : मी पालक हाय.

संग्राम : कोण बोलतंय?

सँड्रा : माझा भाऊ. स्पीकरवर आहेस. संग्राम, सुधारतो म्हणजे काय? बिघडलंय काय त्याचं? कोनी ठरवलं हे?

संग्राम : तू पर्सनली घेतेयस. कॅरॅक्टर सुपरहिट आहे. मुलं प्रेम करतात बोंबलावर.

सँड्रा : प्रेम नाही करत, त्याच्यासारख्या बोलणाऱ्या मुलीला वर्गात छळतात. माझी भाची आहे ती. आणि तू तिला ओळखतोस.

संग्राम : मी? मी कुठे भेटलोय?

सँड्रा : रोज ऐकतोस. टायटल साँगमध्ये ‘आली रे आलीऽऽ, भरती आली’ ओरडते ती कोण?

संग्राम : ती... ती तूच दिलेली क्लिप होती.

सँड्रा : मी पिंकीला ऐकवायला दिली होती. बोंबलाचा आवाज ती काढणार, तिला बोलण्याची ढब कळावी म्हणून. गाण्यात घाला म्हणून नव्हती दिली.

संग्राम : आम्ही तात्पुरती लावली होती गं. मग कुणालाच तसं ओरडता येईना. राहून गेली.

मेलरॉय : एक मिनिट. गान्यात ती माझी नेहल हाय? नेहलसारखी कोनी नाय, नेहलच?

सँड्रा : नेहलच. नाताळात किनाऱ्यावर ओरडत होती, मी मोबाइलवर घेतलं. तुला वाटलं पिंकीनं नक्कल केलीय. मी पण तसंच वाटू दिलं.

मेलरॉय : तुझं नंतर बघतो. ओ साहेब, मी तिचा बाप. मला विचारलं कोनी? सही घेतली कोनी?

संग्राम : सर, तुमचं बरोबर आहे. टेक्निकली चूक झालीय. आपण असं करू, तिचा आवाज आजच काढून टाकतो. दुसऱ्या मुलीकडून डब करून घेतो. प्रश्न मिटला.

मेलरॉय : कसा मिटला? तिचा आवाज गान्याला चांगला. तेव्हा कोनी नाय बोललं जीभ वर लाव म्हनून. वर्गात बोलली की मात्र हसायचं, आन मेडल देऊन सरळ करायचं. वर आता बापानं तोंड उघडलं तर तिलाच हाकला! तुम्ही साहेब लोक माशातला काटा काढता तशी मानसं काढता.

संग्राम : सर, शांतपणे बोलू या.

मेलरॉय : शांतपणे बोलतोय. ओरडेन तेव्हा तुम्हाला फोनची गरज लागनार नाय, तसंच ऐकू येईल.

सँड्रा : दादा, थांब. संग्राम, ऐक. शुद्ध बोलण्याचा वर्ग जायला हवा. आणि हसण्याचा आवाज पण. नाहीतर माझं नाव काढ, आणि आम्ही दोघं वकिलाकडे जातो. लहान मुलीचा आवाज, घरच्यांना न विचारता, रोज वाजतोय. चॅनलला आवडेल का हे?

संग्राम : धमकी देतेयस?

सँड्रा : हो.

संग्राम : ...बरं. ठीक आहे. तो वर्ग काढतो. पण मग बोंबीलच घेत नाही शेवटच्या भागात. सोपं पडेल.

सँड्रा : सोपं पडेल? सगळी शाळा असेल आणि तो नसेल? मुलं काय समजतील, नाव काढलं त्याचं शाळेतून. नाही. माझा सीन घे. माकूळ मास्तरांचा घसा बसलाय, म्हणून बोंबील हजेरी घेतो. त्याच्या बोलीत. सगळे ‘हाजर’ म्हणतात. बस्स.

संग्राम : नवीन अॅनिमेशनला वेळ कुठाय?

सँड्रा : वर्गाची जुनी चित्रं आहेत. तोंडं हलवायची फक्त.

संग्राम : तू ना... उद्या सकाळी पाठव. छोटा ठेव. आणि गाण्यातला आवाज ठेवायचा असेल तर घरच्यांची लेखी परवानगी लागेल. सर, तुम्ही द्याल ना?

मेलरॉय : मी नाय देनार.

संग्राम : मग आता काय?

मेलरॉय : आवाज माझा हाय का? जिचा हाय तिला विचारतो. ती हो बोलली तर मी सही करतो. ठेवा फोन.

सँड्रा : ...ठेवला त्यानं.

मेलरॉय : आता तुझ्याकडे येतो. तिचा आवाज त्यांना देऊन आलीस, आन भावाला सांगितलं नाय?

सँड्रा : आधी कळलंच नाही मला. टीव्हीवर ऐकलं तेव्हा कळलं. आनंद झाला, दादा. खरं सांगते, अंगावर काटा आला. वाटलं, आपली नेहल सगळ्या घरांत ओरडतेय. मग हसण्याचे आवाज सुरू झाले, आणि तुला सांगायचं तोंड राहिलं नाही.

मेलरॉय : तोंड राहिलं नाय. सगळ्या घराचं तोंड गेलंय तुझ्यापायी. ऊठ.

सँड्रा : कुठे?

मेलरॉय : कुठे काय, घरी. मी नाय विचारनार तिला. तू विचार. बस मागं.

(पाचूबंदर. मेलरॉयच्या घराचा ओटा, संध्याकाळ.)

नेहल : मला नाही बोलायचं आत्याशी.

मेलरॉय : बोलू नको. ऐक नुसती.

नेहल : ऐकणार पण नाही. तिनं मला सांगितलं नाही टीव्हीत मी आहे ते. मी एकटीनं ओळखलं. वर्गात सगळ्यांना मीच सांगितलं, ‘आली रे आली’ माझा आवाज आहे. तर ते म्हणाले, मग बोंबील पण तूच.

मेलरॉय : तू सांगितलंस? मला कधी बोलली नायस.

नेहल : तुम्ही खूश होता ना पप्पा. सगळ्यांना दाखवत होता.

सँड्रा : नेहल, माझं चुकलं. तुला आधी विचारायला हवं होतं. तुझा राग बरोबर आहे.

नेहल : तू बोंबलाला मूर्ख केलंस.

सँड्रा : मी नाही केलं. पण मला थांबवता पण आलं नाही. आज थोडं थांबवलंय. पप्पा होते म्हणून.

मेलरॉय : ते राहू दे. नेहल, तू आजीला का गं तसं बोललीस? बघ ती आत चुलीपाशी बसलीय. बाहेर येत नाय.

नेहल : तिला शिकवत होते.

मेलरॉय : आजीला शिकवनार तू?

नेहल : ती मला शाळेत घ्यायला येते ना. गेटवर मोठ्यानं हाक मारते, सगळ्यांशी बोलते. तिला पण बोंबील म्हणतील. मला म्हणतात ते चालेल, तिला नको. पप्पा, रागावलात?

मेलरॉय : नाय गं. तुझ्यावर नाय.

सँड्रा : नेहल, गाण्यातला तुझा आवाज काढून टाकायला सांगू? तू म्हणशील तसं. नको असेल तर उद्यापासून दुसरी मुलगी ओरडेल.

नेहल : तिला भरती आलेली कळते?

सँड्रा : माहीत नाही. स्टुडिओत ओरडेल ती.

नेहल : मग नको. राहू दे माझाच. मी चांगली ओरडलेय.

मेलरॉय : नक्की? घाबरून बोलू नको. नको असेल तर मी त्या साहेबाचं ऐकनार नाय.

नेहल : नक्की. पण गेटवर आजीला मी सांगणार, तिला हवी तशी हाक मारू दे. कुणी हसलं तर मी बघेन.

मेलरॉय : जा, आत जाऊन तिला सांग हे. आत्ता.

सँड्रा : एक मिनिट थांब. मला उद्या शेवटचा भाग लिहून द्यायचाय. बोंबील हजेरी घेतो असा. तुला काही सुचतंय? काही हवंय त्यात?

नेहल : मी सांगितलं तर लिहिशील?

सँड्रा : लिहीन.

नेहल : त्याच्या बाकावर, त्याच्या शेजारी कुणालातरी बसव.

सँड्रा : कुणाला बसवू? पापलेटला? कोळंबीला?

नेहल : कुणीही चालेल, आत्या.