चॅनल सगळ्यांचं, रेडिओ माझा

...आणि वर मला म्हणतो, "लुमीरकाका, तुमची तक्रार नोंदवून घेतलीय." नोंदवून घेतलीय! अरे डॅरिल, तू दुसरीत असताना माझ्या बुटांवर उलटी केली होतीस, ती मी नोंदवून घेतली होती का? पुसून घेतली होती, गुपचूप, तुझ्या आईलासुद्धा न सांगता. आणि आज तोच डॅरिल केबलच्या हापिसात काचेमागं टाय लावून बसतो आणि मला सांगतो, तक्रार नोंदवून घेतलीय.

तुम्हाला सांगतो, मी लुमीर कुचेरा, मी या गावात जन्मभर शाळेची पिवळी बस चालवली. आमच्या नेब्रास्कात घरं लांब, शेतं लांब, आणि शाळा त्याहून लांब, त्यामुळं आज गावात जो कोणी चाळिशीच्या आत आहे ना, मग तो केबलवाला असो, पाद्री असो, नाहीतर वेगाचा दंड लावणारा पोलीस असो, तो माझ्या बसमधला. आणि मला दगा दिला कोणी? परक्यानं दिला असता तर मी काही बोललो नसतो हो. माझ्याच बसमधली पोरं!

मागणं तरी काय होतं माझं? माझी नात टेगन. सँडहिल्स स्टेट कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघात आहे, क्रेन्स म्हणतात त्या संघाला. मुख्य खेळाडू नाही, खोटं कशाला बोलू. बाकावर बसते, सेट अडला की प्रशिक्षक तिला फक्त सर्व्हिस करायला उठवतो, चार सर्व्हिस करते आणि परत जाऊन बसते. पण त्या चार सर्व्हिस कुठं शिकली ती? माझ्या बसवर! बस रात्री माझ्याच अंगणात असायची, आणि ही पोरगी शाळेतून आली की पत्र्यावर धाड धाड बॉल मारायची. मी निवृत्त झाल्यावर शाळेनं बस लिलावात काढली तेव्हा कोणी घेईना, एवढे पोचे. मग मीच घेतली. ते पोचे दुसऱ्याच्या अंगणात कसे जाऊ द्यायचे? डोरीन, म्हणजे माझी बायको, अजून ऐकवते, "लोक निवृत्त झाल्यावर होडी घेतात, याने परत बसच आणली."

तर टेगनचं हे शेवटचं वर्ष. मॅचला जावं म्हणाल, तर तिकिटं लोकांच्या घराण्यात चालत आलेली, म्हातारा गेला तरच खुर्ची रिकामी होते. माझ्या पोराला आणि सुनेला मोजून दोन मिळतात. आणि माझं डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून लांबचं ड्रायव्हिंग बंद. ड्रायव्हरलाच ड्रायव्हिंग बंद! मग उरलं काय? टीव्ही. कॉलेजनं स्वतःचं चॅनल काढलेलं, त्यावर सगळ्या मॅच दाखवणार, सगळ्या. मी लगेच भिंतभर टीव्ही आणला. आणि ऑगस्टमध्ये पहिल्या मॅचला बटण दाबलं तर काय? काळा पडदा, आणि मधोमध पाटी: हे चॅनल सध्या उपलब्ध नाही.

का नाही? तर केबलवाले आणि कॉलेज यांचं भांडण! मी डॅरिलला विचारलं, तो म्हणतो, "काका, कॉलेज अवाच्या सवा मागतंय, तुम्ही कॉलेजला फोन करा." कॉलेजला फोन केला, तिकडून एक मधाळ आवाज, "क्रेन परिवारात आपलं स्वागत आहे, आपण आपल्या केबलवाल्याला फोन करावा..." मी म्हटलं, बाई, आत्ता तिथूनच आलोय. तर ती एकदम थांबते आणि म्हणते, "अय्या, लुमीरकाका? मी शेल्बी!" शेल्बी! अहो, ही शेल्बी आणि तो डॅरिल बसमध्ये एकाच बाकावर बसायचे आणि रोज खिडकीवरून भांडायचे. मी उघडणार, नाही मी बंद करणार, ती याला चिमटा काढणार, हा तिचा डबा लपवणार. तेच भांडण अजून चालू आहे, आणि बंद पडलाय माझा टीव्ही. त्या वेळी बस बाजूला घेऊन दोघांना उतरवायला पाहिजे होतं, पण नाही, मला दया आली. माझ्याच बसमधली पोरं!

पण मी गप्प बसणारा आहे का? केबलच्या हापिसासमोर पाटी घेऊन उभा राहिलो. वारा असा की पाटी पुढं जायची आणि मी मागं. पाद्री फादर नेमेट्झला गाठलं, म्हटलं, रविवारी प्रार्थनेत चॅनलचा उल्लेख करा. तो म्हणतो, "काका, आजारी माणसांसाठी प्रार्थना असते ती." मी म्हटलं, मी आजारीच आहे! केला बिचाऱ्यानं उल्लेख. आणि मॅचच्या दिवशी मी आणि डोरीन रेडिओ लावून बसायचो. चूल गरम, चिली शिजतेय, म्हणजे आमचा खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, शेजारी दालचिनीचे रोल, चिलीबरोबर ते लागतातच, आणि समालोचक सांगतोय, आता टेगन कुचेरा सर्व्हिसला आली. कशी दिसते? केस बांधलेत का? घाबरलीय का? रेडिओवर काय कळणार? आजोबाला नातीचा चेहरा बघायचा असतो हो, पॉइंट काय, पेपरात पण येतात.

एकदा राहवेना म्हणून कोणाच्या तरी गाडीत बसून शेजारच्या गावी गेलो. तिथली केबल वेगळी, चॅनल दिसतं. तिथल्या बोलिंगच्या अड्ड्यावर बसून मॅच बघितली. क्रेन्स हरल्या. सीझनमधली पहिली हार. बरं, हरतात माणसं. पुढं एकदा चर्चच्या जेवणावळीत व्हर्जिल कोपऱ्यात शेजारच्या गावातल्या भाच्याचा पासवर्ड घेऊन फोनवर मॅच बघत होता, मी त्याच्या खांद्यावरून जरा डोकावलो. जरा! जिंकत आलेला सेट गेला. व्हर्जिल म्हणजे माझा शेजारी, शाळेपासूनचा दोस्त. तो एवढा एक बसमधला नाही, कारण बस सुरू झाली तेव्हा आम्ही दोघंही मोठे झालेलो. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, असं बघितलं, मी त्याच्या कॉफीत थुंकलो होतो जणू.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्रोलपंपावर आमचं कॉफीचं टेबल. तिथं फासे टाकून ठरतं कॉफी कोणाच्या नावावर. व्हर्जिलनं फासे हातात घेतले आणि टाकेचना. म्हणतो, "लुमीर, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचार."

"तू बघितलंस की आपण हरतो, हे तुझ्या लक्षात आलंय का?"

मी हसलो. जोरात हसलो. पण टेबलावर बाकी कोणी हसलं नाही. आणि मनात म्हटलं, लुमीर, मेलास. कारण, खरं सांगू? ऑगस्टपासून जिंकतोय म्हणून अंगातला नारिंगी शर्ट धुऊ नको, हे व्हर्जिलला कोणी सांगितलं? मी. चिली एकाच दिशेनं ढवळ, हे डोरीनला कोणी सांगितलं? मी. सर्व्हिसच्या आधी बॉल तीनदा आपट आणि डाव्या बुटाला हात लाव, हे टेगनला अंगणात कोणी शिकवलं? मीच की! अख्ख्या गावाला हे वेड मीच लावलं, आणि ते फिरून आलं कुणाच्या दारात?

पुढं काय झालं ऐका. शनिवार दुपार, मॅचची वेळ, आणि माझ्या रेडिओचे सेल संपले. डोरीन घरात नाही. स्वयंपाकघरात चिलीचं पातेलं पण नाही! म्हटलं, व्हर्जिलकडून सेल आणावेत. त्याच्या दारात पोचलो तर बाहेर ही बुटांची रास. आतून दालचिनीचा वास. दार ढकललं... आणि काय बघतो? अर्धं गाव! फादर नेमेट्झ, पोलीस, डॅरिल टायशिवाय, आणि मधोमध पातेलं घेऊन डोरीन. माझी डोरीन! आणि समोर टीव्हीवर कोण? टेगन. केस बांधलेले. जरा वाळलीय. बॉल हातात घेऊन उभी, एकदा आपटला, दोनदा...

तेवढ्यात कोणीतरी मागं वळलं. मग सगळी वळली. आणि सगळी एका आवाजात, "बाहेर!" व्हर्जिलनं उशी घेतली आणि माझ्या तोंडावर दाबली. फादर नेमेट्झनं मला खांद्याला धरून उलटं फिरवलं, म्हणजे विचार करा, देवाच्या माणसानं! आणि उशीतून मला ऐकू आलं, खोलीभर एकच सुस्कारा. सर्व्हिस जाळीत.

चॅनल कधी आलं होतं माहितीय? दोन आठवडे झाले होते. भांडण मिटलं होतं, गावभर लागलं होतं, माझं घर सोडून. मी डॅरिलकडं बघितलं. तो बुटांकडं बघत म्हणतो, "काकूंनी सांगितलं काका, तुमचं बंद ठेवायला." मी डोरीनकडं बघितलं. ती म्हणते, "लुमीर, पोरीचं शेवटचं वर्ष आहे रे. मी तरी काय करू?" ज्या चॅनलसाठी वाऱ्यात उभा राहिलो, ते बघायचं सगळ्यांनी, माझ्याशिवाय. मला खरंच लागलं ते. त्या रात्री मी डोरीनशी बोललो नाही, आणि चिली ती झोपल्यावर खाल्ली.

मला वाटलं, एक माणूस आहे जो माझ्या बाजूनं उभा राहील. टेगन. पोरीचाच फोन आला.

"आजोबा, परवा तुम्ही बघत होतात ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. बॉल हातातून सुटला तेव्हाच कळलं." मग म्हणते, "आजोबा, शनिवारी शेवटची मॅच आहे. जिंकलो तर चषक. एक मागू?"

आता ती काय मागणार ते मला कळलं होतं, तरी म्हटलं, माग.

"बघू नका."

ही पहिल्या बाकावर बसायची, माझ्या मागं. ड्रायव्हरच्या अगदी मागं, दुसऱ्या कोणाला बसू द्यायची नाही. ती पण, बघा. माझ्याच बसमधली!

शनिवारी सकाळी डॅरिल आणि फादर नेमेट्झ आले आणि माझा टीव्ही उचलून व्हर्जिलकडं घेऊन गेले. का, तर व्हर्जिलचा लहान पडतो, माणसं वाढलीत! मी दार धरून उभा राहिलो, म्हणजे त्यांना अडवायला नाही, दार आपोआप मिटतं म्हणून. मग चिलीचा वाडगा, एक रोल आणि रेडिओ घेऊन अंगणातल्या बसमध्ये जाऊन बसलो. माझ्या सीटवर. समोर काच, पलीकडं व्हर्जिलची खिडकी, पडदे ओढलेले. माझ्यासाठी.

मॅच अटीतटीची. दोन सेट त्यांचे, दोन आपले. पाचव्यात अडलं, आणि समालोचक म्हणाला, टेगन कुचेरा येतेय. चमचा माझ्या हातात तसाच. बॉल आपटला, तो सांगतोय, एकदा... दोनदा... तीनदा... डाव्या बुटाला हात... मी डोळे मिटून घेतले, न जाणो, रेडिओकडं बघितलेलंही चालत नसलं तर? आणि सर्व्हिस गेली, थेट मोकळ्या जागेत, कोणी हातसुद्धा लावला नाही! मी दोन्ही हातांनी हॉर्न दाबला. शाळेच्या बसचा हॉर्न तो, कबुतरं उडाली. आणि व्हर्जिलच्या घरात? शांतता. मी म्हटलं, ह्यांना झालं काय? आणि मग, मी हॉर्न सोडल्यावर, आतून हा आरडाओरडा!

दुसरी सर्व्हिस. पॉइंट. परत हॉर्न. तशी खिडकी उघडली आणि डोरीन ओरडली, "लुमीर, बंद कर तो हॉर्न! इकडं तिनं अजून बॉल आपटलासुद्धा नाही!"

मग लक्षात आलं. ते चॅनल येतं आकाशात जाऊन, खाली उतरून, तारेतून फिरत. माझा रेडिओ सरळ येतो. मी काय केलं असेल? तिसऱ्याला अजून जोरात वाजवला.

जिंकलो. टेगनच्या चौथ्या सर्व्हिसवर. सगळ्यांच्या आधी कळलं मला, एकट्याला, आणि मी रडलो, सांगायला लाज कसली. तोवर सगळे अनवाणी धावत आले, पत्र्यावर थापा मारायला लागले, दार उघडलं तशी घुसली सगळी आत आणि बसली कुठं? ज्याच्या त्याच्या जुन्या जागेवर! डॅरिल दुसऱ्या रांगेत खिडकीला. "काका, गावातनं एक चक्कर!" काढली. गावातल्या गावात मला परवानगी आहे. हळू हळू, मोठ्या रस्त्यानं, हॉर्न वाजवत. मागं सगळे नाचतायत, ती पहिली सर्व्हिस कशी पडली ते हातवारे करून एकमेकांना दाखवतायत, टेगनचा चेहरा तेव्हा कसा झाला होता त्याची डोरीन नक्कल करतेय, सगळे पोट धरून हसतायत. आणि मी? मी ड्रायव्हर. ड्रायव्हरनं मागं बघायचं नसतं. जन्मभर यांची मजा मी अशीच नुसती ऐकलीय, आज नवीन काय?

मागून डॅरिल उठला, सीट धरत धरत पुढं आला आणि माझ्या कानाशी म्हणतो, "काका, उद्या सकाळी पहिलं काम, तुमचं चॅनल चालू करतो."

उद्या! मॅच संपल्या, सीझन संपला, पोरीचं कॉलेज संपलं. उद्या!

मी आरशात बघितलं आणि एवढंच म्हणालो, "डॅरिल, जागेवर बस. उलटी होईल."