पाच अक्षरं, सहा ओळी

ताई: आणि हा आकडा कसला? सहाशे अकरा?

धाकटा: सलग दिवसांचा. आईने एकही दिवस खेळ चुकवला नाही, त्याचा.

ताई: आईने?

धाकटा: म्हणजे… तिच्या फोनवर.

ताई: आई परवा गेली. त्याआधी नऊ दिवस हॉस्पिटलात होती. हा आकडा कालपर्यंतचा आहे.

धाकटा: शेवटचे नऊ-दहा दिवस मी खेळलो, ताई.

ताई: कालसुद्धा?

धाकटा: कालचा खेळ तुला पाठवला नाही. तू वाटेत होतीस. सकाळी उठलो, तिचा फोन हातात होता, नुसता खेळलो. सवयीने.

ताई: नऊ दिवसांत सवय लागते?

धाकटा: लागली खरी.

ताई: ती पिशवी इकडे दे. आणि परवा सकाळी? तुझा फोन आला दुपारी. पण सकाळी आठला मला आईच्या खेळाचे रंगीत चौकोन आले होते. तिसऱ्या ओळीत पाचही हिरवे.

धाकटा: तो मीच.

ताई: मी लिहिलं होतं, ‘वा म्हातारे, आज फॉर्मात!’ वर फुलाचं चित्र टाकलं होतं.

धाकटा: वाचलं मी.

ताई: तू वाचलंस.

धाकटा: ओरड ना जरा. काल आल्यापासून नुसत्या पिशव्यांच्या घड्या घालतेयस.

ताई: ओरडावंसं वाटत नाही. काहीच वाटत नाही. मघाशी चहा पोळला तरी कळलं नाही. तू सांग, मी ऐकतेय. आईने सांगितलं होतं, की तुझं तूच ठरवलंस?

धाकटा: काय?

ताई: मला कळवायचं नाही, हे.

धाकटा: ॲम्ब्युलन्समध्ये बसवलं तेव्हा म्हणाली, ‘आजचा राहिलाय रे. खंड पडू देऊ नकोस. आठाच्या आत चौकोन गेले नाहीत तर ताई फोन करते.’

ताई: मग? मी फोन करावा म्हणून म्हणाली, की करू नये म्हणून?

धाकटा: तेव्हा मला वाटलं, करू नये म्हणून.

ताई: आणि आता?

धाकटा: आता माहीत नाही. डॉक्टर चार दिवसांत घरी सोडतो म्हणाले होते. तुझी नोकरी नवी. म्हटलं, घरी आणली की सांगू. मग उद्या सांगू. मग परवा सांगू. ताई, खोटं असं काही बोललोच नाही गं. नुसते चौकोन पाठवले.

ताई: तेच तर. अक्षरं दिसत नाहीत ना त्यात. पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा, सहा ओळींत. जागेवर बसलेलं अक्षर हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, नसलेलं राखाडी. दुसऱ्याला पाठवले की नुसते रंग जातात. हिरवे-पिवळे आले म्हणजे आई उठली, चहा झाला, चष्मा सापडला. मी सुतावरून स्वर्ग गाठत बसले.

धाकटा: मी तिच्यासारखंच खेळायचो. पहिला शब्द तिचाच टाकायचो, ट्रेन.

ताई: का टाकायची माहीत आहे?

धाकटा: त्यातली अक्षरं जास्त लागतात म्हणून.

ताई: ते तुझं गणित. चाळीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होती ती. निम्म्या इंग्रजी शब्दांचे अर्थ तिला माहीत नव्हते. म्हणायची, अर्थ साहेबाला ठाऊक, स्पेलिंग माझ्या बोटांना. खेळायला बसली की आधी टेबलावर बोटं चालायची, मग फोन हातात. ट्रेन हाताला छान बसतो म्हणायची.

धाकटा: तुला शिकवलं होतं ना टायपिंग?

ताई: हातांवर टॉवेल टाकून. बघायचं नाही. बघितलं की पट्टी. तू सुटलास.

धाकटा: मला म्हणाली, तुझी बोटं म्हणजे वांगी.

ताई: हं. एका दिवशी सहाव्या ओळीत सुटलं होतं. आठ-नऊ दिवसांपूर्वी. तोही तूच?

धाकटा: नाही. तो तिचा.

ताई: काय?

धाकटा: तिसरा दिवस होता. थोडी हुशारी आली होती. उशीला टेकून बसली आणि म्हणाली, आण इकडे, तू माझं नाव घालवशील. मी फोन धरला. तासभर लागला. मध्ये झोपली, उठली, पुन्हा सुरू. तू लिहिलंस, ‘काय गं, झोप झाली नाही का?’

ताई: अरे देवा. मी असं लिहिलं?

धाकटा: मी वाचून दाखवलं. हसली. म्हणाली, तिला म्हणावं, डोकं जाग्यावर आहे, गाडी जरा लेट आहे.

ताई: हे तू मला लिहिलं नाहीस.

धाकटा: नाही लिहिलं.

ताई: नऊ दिवसांतला एक दिवस ती माझ्याशी बोलत होती. आणि मी चेष्टा केली.

धाकटा: तिला आवडली होती.

ताई: पुढे?

धाकटा: पुढे मास्क लागला. बोलणं बंद. ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी मी व्हिडिओ काढला, तुला दाखवायला. म्हटलं, आता सांगावंच. मग धीर झाला नाही. अकरा सेकंदांचा आहे.

ताई: दाखव.

धाकटा: नको, ताई. चेहरा बरा नाही दिसत.

ताई: दाखव म्हटलं ना.

(फोनमधून मशीनचा एकसुरी आवाज. तो थांबतो. पुन्हा सुरू होतो. पुन्हा.)

धाकटा: पुरे आता. चार वेळा बघितलास.

ताई: तिचे हात बघ.

धाकटा: थरथरतायत. नर्स म्हणाली, अशक्तपणाने होतं.

ताई: थरथरत नाहीयेत. नीट बघ. डाव्या हाताची तर्जनी वर, पुन्हा तीच वर. मग डावी करंगळी. मग उजव्या हाताचं मधलं बोट. मग उजवी तर्जनी खाली. आता थांबली. बघ, पुन्हा तसंच. तर्जनी, तर्जनी, करंगळी…

धाकटा: काय आहे ते?

ताई: टी, आर, ए, आय, एन. ट्रेन. पहिल्या ओळीतला शब्द टाकतेय ती. चादरीवर.

धाकटा: पण तोच तोच का?

ताई: रंग येत नाहीत ना. टाकते, थांबते, वाट बघते. रंग आल्याशिवाय दुसरी ओळ कशी सुरू करणार?

धाकटा: मी शेजारीच होतो, ताई. फोन माझ्या खिशात होता.

ताई: तुला कुठून कळणार? तुला शिकवलंच नव्हतं.

धाकटा: तू असतीस तर कळलं असतं.

ताई: हो. कळलं असतं.

धाकटा: फोन ठेव आता, ताई.

ताई: व्हिडिओ इथेच का थांबवलास?

धाकटा: मला वाटलं, तिला थंडी वाजतेय. म्हणून फोन ठेवला आणि पांघरूण घातलं.

ताई: हातांवर?

धाकटा: हातांवर. चांगलं खोचून.

ताई: मग बोटं थांबली?

धाकटा: थोड्या वेळाने थांबली.

(ताई पिशवीची घडी घालू लागते.)

धाकटा: बोल ना काहीतरी.

ताई: बरं केलंस. गारच असायचे तिचे हात.