मिर्सोदिकचा वाडगा

(फरगाणा खोऱ्यातली एक प्रयोगशाळा. भौतिकशास्त्रज्ञ बोतिर, कुंभाराची विधवा हुरियत आणि वस्तुसंग्रहालयाचे निवृत्त तज्ज्ञ इनोयत, ज्यांना सगळे 'दोमला', म्हणजे गुरुजी, म्हणतात.)

बोतिर : ...वाडगा नऊशे वर्षांचा आहे, आपा. फार तर पन्नास इकडे, पन्नास तिकडे.

हुरियत : मला नको सांगूस. यांना सांग.

इनोयत : यंत्रं चुकतात, बोतिर.

बोतिर : तीनदा मोजलंय, दोमला. भट्टीत माती तापली की तिच्यातलं जुनं सगळं पुसलं जातं. मग जमिनीतले किरण वर्षानुवर्षं तिच्यात साठतात. पुन्हा तापवली की ते उजेड होऊन बाहेर पडतात. तो उजेड मोजायचा, बस्स. भूकंपाच्या भेगेतली वाळू आम्ही अशीच तपासतो. खाणकामगाराच्या दातावरून त्यानं किती किरण झेलले, तेही सांगतो. दात खोटं बोलत नाहीत, तर वाडगा कशाला बोलेल?

हुरियत : खोटं हे बोलले. भर कोर्टात. "परवाच भाजलाय, हात लावाल तर चटका बसेल." सगळे खो-खो हसले होते.

इनोयत : सव्वीस वर्षं झाली, हुरियत. तेव्हा आमच्याकडे होतं काय? दोन डोळे आणि एक भिंग.

हुरियत : माझ्या नवऱ्याकडे भिंगही नव्हतं. भट्टीसाठी खड्डा खणताना सापडला, तर फडक्यात गुंडाळून तुमच्याच दारात आणला त्यानं. बक्षिसासाठी नकली माल आणला म्हणून तीन वर्षांची शिक्षा झाली त्याला. दुसऱ्याच हिवाळ्यात तुरुंगात खोकून खोकून गेला. कपड्यांबरोबर हा वाडगा परत आला.

बोतिर : दोमला, एक विचारू? तळाची झिलई झाडाच्या मुळांनी खाल्लीय; शेकडो वर्षं जमिनीत असल्याशिवाय असं होत नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दिसेल. तुम्हाला दिसलं नाही?

इनोयत : ...दिसलं होतं.

हुरियत : काय म्हणालात?

इनोयत : माझं पुस्तक छापखान्यात होतं. त्या काळी तुमच्या गावात भट्टीच नव्हती, असं लिहून बसलो होतो मी. वाडगा खरा ठरला असता तर... माफ कर मला, हुरियत.

हुरियत : नाही.

इनोयत : पोलिसांत जाणार?

हुरियत : छे! म्हातारा म्हणून लोक तुमचीच कीव करतील. संग्रहालयाच्या नव्या संचालक बाईंशी बोललेय मी. वाडगा दारासमोरच काचेत राहील. शेजारी पाटी : 'शोधला उस्ताद मिर्सोदिकनं. खरा आहे हे ओळखूनही नकली ठरवला...' आमच्या गावच्या शाळेची मुलं येतात तिथं.

इनोयत : माझी नात शिकवते त्या शाळेत.

हुरियत : माझी मुलगी शिकत होती तिथं. 'ठगाची पोर' म्हणायचे तिला.

इनोयत : मी जाहीर पत्र लिहितो. हवं तसं लिहितो. पण पाटी नको.

हुरियत : बोतिर, कागद घे. वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव सांगा, दोमला. पाटीवर चूक नको.