उलट्या पिळाच्या वाती

अकोल्याच्या बसमध्ये चारुशीलाच्या पुढच्याच सीटवर एक म्हातारी मांडीवर वाती वळत होती. शेजारी तिची संशोधन करणारी भाची. दोघींचं सगळं बोलणं चारुशीलाच्या कानावर पडत होतं.

"सीमा, कॉम्प्युटरवर दिवसभर काय पाहून राह्यते तू?"

"आकाशगंगा फिरतात कशा, ते. त्यायच्या लांबच लांब माळा असतात, मावशी. बऱ्याच जणी माळेच्या दोऱ्याभोवतीच, मण्यासारख्या फिरतात."

"कोणं फिरवल्या?"

"घडतानाच पीळ बसला. अजून दिसते."

"मंग पिशवीतली ही वात पाह्य."

"हिचा पीळ उलटा हाय. डावखुऱ्या हाताची?"

"तुह्या मायच्या हातची. तू लहान असतानाच गेली, पिशवीभर वाती ठेवून."

"मंग देवापुढं लावल्या काहून नाई?"

"लावल्यावर तिचा पीळ दिसन का?"