मुकादमाचा एक हात

हात वर करा, असं मी आता कोणाला सांगत नाही. कापसाच्या तेजीत खानदेशातून आलेले मजूर अकोल्यात आमच्या शेजारी राहत. त्यांचं पाणी अर्ध्या कोसावर. सरकारी विहीर त्यांच्या वस्तीत की पेठेत, हे तहसीलदार हात मोजून ठरवणार होते. तीन दिवस दारोदार फिरून मी चाळीस माणसं चावडीवर नेली. वर झाला एकच हात, त्यांच्या मुकादमाचा. विहीर पेठेत गेली.

"काहून गा, तुमचे हात मोडले होते काय?" मी एका मजुराला विचारलं.

"मुकादमानं केला ना वर, भाऊ. त्यात आमचा आलाच."

"मंग पाणीबी त्यालेच आणू द्या सगळ्याईचं."

तो शांतपणे म्हणाला, "तो कायले आणंल, भाऊ? त्याचंबी आमीच भरतो."