गाडीच्या जागेवर म्हातारा

...आणि वर मलाच म्हणतात, "तुम्हाला काय बाबा, नुसतं बसायचंय!" नुसतं? अहो, नुसतं बसून दाखवा बरं कुणीतरी! संध्याकाळच्या वेळी, रस्त्याच्या कडेला, दोन गाड्यांच्या मधे खुर्ची टाकून... पुढचा भोंगा वाजवतोय, मागचा भोंगा वाजवतोय, आणि आपण तोंड असं ठेवायचं की जसं काही घरच्या अंगणातच बसलोय! नुसतं म्हणे! तुम्हाला सांगतो, जन्मभर मी वेताच्या खुर्च्या विणल्या, साऱ्या गावाची बसायची सोय केली, पण बसणं हे इतकं कष्टाचं काम असतं हे मला म्हातारपणी कळलं. बरं, कंटाळा आला म्हणून उठावं म्हटलं, तर उठणार कसा? जागा धरलीय ना!

थांबा, नीट पहिल्यापासून सांगतो. घाई मला जमत नाही. आता वेताचं काम कसं असतं बघा, वेत आधी पाण्यात भिजत टाकायचा आणि वाट बघत बसायचं. कोरडा वाकवायला गेलात की तडकलाच. शाळेची पायरी मी काही चढलो नाही, जे शिकलो ते त्या वेताकडून, आणि वेत एकच गोष्ट सांगतो... थांब जरा! तर तुम्हीही थांबा जरा.

आमच्या चिरंजीवांनी गाडी घेतली. बदामी रंगाची. छान आहे, मी नावं ठेवत नाही. रोज सकाळी तो मऊ फडक्याने पुसतो तिला. लहानपणी त्याचं तोंडसुद्धा मी कधी इतक्या मायेने पुसलं नव्हतं! पण गाडी घेतली ती ठेवायची कुठे? गल्ली आमची केवढी, दोन्ही अंगाला घरं, दोन्ही अंगाला गाड्या, आणि मधली जी फट उरते तिच्यातून मोठ्या रस्त्यावरचा सिग्नल चुकवणारे सगळे सुसाट! माणसाने जायचं तर भिंतीला पाठ घासत, पालीसारखं! हे सकाळी गाडी घेऊन ऑफिसात गेले की यांची जागा दुसरा कुणीतरी पटकावणार. मग संध्याकाळी हे आपले गोल गोल. एक चक्कर, दुसरी चक्कर... सूनबाई वरून बघतायत, नवरा खालून चाललाय, हात करतोय, पुन्हा गेला! एकदा तर पार मैदानापाशी गाडी लावून चालत आला, घामाघूम. सूनबाई म्हणाल्या, "चालायचंच होतं तर गाडी कशाला घेतली?" तो माझ्याकडे बघायला लागला. असा बघायला लागला, असा... आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही संध्याकाळी मोकळेच असता ना?"

झालं! सकाळी गाडी निघाली की तिच्या जागेवर फुटकी बादली ठेवायची, दिवसभर बादली, आणि संध्याकाळी गर्दीची वेळ झाली की बादलीच्या जागी मी. कारण बादली कुणीही उचलून बाजूला ठेवतो. म्हातारा उचलून ठेवता येत नाही! प्रयत्न करतात हो लोक, नाही असं नाही. एक साहेब आले, काच खाली केली, "आजोबा, खुर्ची जरा बाजूला घेता?" मी म्हटलं, जागा धरलीय. "कुणासाठी?" मुलाच्या गाडीसाठी. "गाडी कुठाय?" मुलाजवळ. "मुलगा कुठाय?" गाडीत! त्यांनी काच वर केली. आता यात मी काय वाकडं बोललो?

बरं, माझं हे चांगलं चाललंय असं दिसल्यावर गल्लीतल्या बाकीच्यांनाही आपापल्या घरातली म्हातारी माणसं आठवली! शेजारी दातांच्या डॉक्टरीणबाई राहतात, त्यांनी आपल्या सासूबाईंना आणून बसवलं. त्यांना सगळे माई म्हणतात. माई स्वेटर विणत बसतात, आणि कुणी भोंगा वाजवला की सुई अशी रोखतात की तो मुकाट पुढे जातो. पलीकडे ड्रायव्हरसाहेब. जन्मभर बस चालवली, आता जावयाच्या गाडीसाठी जागा धरून बसतात, आणि बसल्या जागी जाणाऱ्या प्रत्येकाला शिव्या घालतात. "अरे, वळताना हात तरी दाखव! साठ माणसं घेऊन मी वळायचो इथून, आणि हे बघा, एकटा जीव, केवढा पत्रा घेऊन फिरतोय!" असं करता करता गल्लीची आमची अख्खी बाजू म्हाताऱ्यांनी भरून गेली. ओळीने खुर्च्या! कुणाची बैठक फाटलेली, कुणाची लोंबलेली... मला बघवेना. मी भिजवलेला वेत घेऊन खाली जायला लागलो, बसल्या बसल्या एकेक खुर्ची विणून द्यायला लागलो. माई म्हणायच्या, "अहो खुर्चीवाले, सावकाश चालू द्या, मला कुठे जायचंय?" कुठे जाणार? जागा धरलीय ना!

पण मला एक सल होता बघा. माझी नात. बोराएवढी पोर, आणि संध्याकाळभर खिडकीच्या गजांना चिकटून उभी. "आजोबा, मी येऊ?" मी वर बघायचो. तेवढ्यात आतून सूनबाई, "खाली गाड्या आहेत, खिडकीत उभी राहा!" आणि चूक होती का त्यांची? एकदा तिचा चेंडू खाली पडला होता, तो आणायला मी वाकलो, आणि माझ्या हातावरून म्हणावं इतक्या जवळून एकजण गेला. थांबलासुद्धा नाही. चेंडू चपटा झाला. मी तो तिला दाखवला नाही, हरवला म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "मग मी येऊन शोधू?"

आणि मग एक दिवस मान वर केली अन् ध्यानात आलं, अरेच्चा! आमची बाजू तर रिकामी आहे! गाड्या कुठायत? गाड्या अजून यायच्यात. आहेत ते नुसते म्हातारे, आणि प्रत्येक म्हाताऱ्यामागे गाडीएवढा चौकोन मोकळा. मी सूनबाईंना हाक मारली. म्हटलं, पोरगी माझ्या खुर्चीच्या मागे खेळेल, चौकोनाबाहेर पाऊल टाकणार नाही, गाडीवाला आला तर आधी मला धडकेल! त्या म्हणाल्या, "असं काय बोलता बाबा!" पण सोडलं. पहिल्या दिवशी एवढ्याशा चौकोनात ती पोर अशी फिरली, अशी फिरली, की वासरू सोडलंय दाव्याचं! दुसऱ्या दिवशी माईंची नातवंडं. मग ड्रायव्हरसाहेबांची. मग चौकोनाला चौकोन जोडले, खडूने घरं काढली, खेळ रंगला. नियम पोरांनीच केला, जो मोठा माणूस चौकोनात पाय टाकेल त्याच्यावर राज्य! आणि वरच्या खिडक्यांतून सगळ्या आया बघतायत. काय आवाज तो! आमच्या गल्लीला आवाज होता, पण भोंग्यांचा. हसण्याचा मी प्रथमच ऐकला.

पण सुख किती वेळ? गाड्या घरी येईपर्यंत! खेळ ऐन रंगात आला की गल्लीच्या तोंडाशी दिवे. पीं पीं! उठा बाबा, उचला खुर्ची, चला पोरांनो वर. पोरगी रडत जिना चढणार. रोज! रोज हो! मला सांगा, आजोबाने काय करावं?

मी सावकाश उठायला लागलो.

खोटं नाही केलं काही. गुडघे आहेतच माझे. पण गुडघे असतात, आणि त्यांना विचारून उठणं असतं... मी विचारून उठायला लागलो! आधी वेत गुंडाळायचा, मग चष्मा काढायचा, पुसायचा, मग खुर्चीच्या हातावर एक हात, जरा दम, मग दुसरा हात... "बाबा, मागे रांग लागलीय!" "उठतोय रे." "बाबा!" "हे काय, उठलोच." ड्रायव्हरसाहेबांनी त्याहून सोपी युक्ती काढली, जावयाची गाडी दिसली की घोरायचे. माईंचा तेवढ्यात टाका सुटायचा. आणि पोरं तेवढ्यात आणखी एक डाव खेळून घ्यायची!

व्हायचं तेच झालं. एका संध्याकाळी चिरंजीव वैतागले. एक चक्कर मारून आले, मी चष्मा पुसतोय. दुसरी मारून आले, मी दुसरी काच पुसतोय! तेव्हा गेले, मैदानापाशी गाडी लावली, आणि ताडताड चालत आले. बॅग हातात, टाय मानेवर. "बाबा, मी तुम्हाला इथे कशासाठी बसवलंय?" मी म्हटलं, जागा धरायला. "मग धरलीत ना? मग द्या की! ते काही नाही. उद्या वेल्डर बोलावलाय. आपल्या जागेवर लोखंडी खांब ठोकून टाकतो, कुलूपवाला. मी येईन, कुलूप काढीन, गाडी लावीन. तुम्ही वर बसा, टीव्ही बघा."

माईंची सुई थांबली. ड्रायव्हरसाहेब खरंच जागे झाले. जागा त्याची, गाडी त्याची, पोरगीही त्याचीच. आज एक खांब, उद्या माईंच्या जागेवर, परवा सगळ्यांच्या. आम्ही म्हातारे वर, पोरं वर, आणि खाली कुलपं! माझ्या डोळ्यांपुढे नातीच्या हातातले ते गज आले. हात वेतावर ठेवला तर तो हलेना. हात हो. वेत नाही.

आणि पोरगी... तिला खांबातलं काय कळतंय? ती पळत आली, बापाच्या बुटाकडे बघितलं, आणि ओरडली, "पप्पा चौकोनात! पप्पावर राज्य!"

तो म्हणाला, "अगं, थांब, आजोबांशी बोलतोय." "नाही! नियम आहे! डोळे मिटा!" मागून माईंची नातवंडं, "राज्य! राज्य!" आणि माई, डॉक्टरीणबाईंच्या सासूबाई हो, गंभीर चेहऱ्याने म्हणतात, "नियम आहे बाबा. मी कालच दिलंय." त्याने माझ्याकडे बघितलं. मी चष्मा पुसत होतो. त्याने वर बघितलं. सूनबाई खिडकीत, पदर तोंडाला लावून उभ्या. मग काय, बॅग माझ्या मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले!

तुम्हाला सांगतो, टाय उलटा पाठीवर उडतोय, बूट खडूने पांढरे झालेत, आणि एकही पोर हाताला लागत नाही! इतकी वर्षं बसून बसून गेलेली अंगातली चपळाई अशी कुठून येणार? पण हसला. मोठ्याने हसला. शेवटी दम लागून माझ्या खुर्चीशी खालीच बसला, आणि पोरगी येऊन त्याच्या मांडीत. मग म्हणतो, "बाबा, मी रोज गाडी लावून वर येतो तेव्हा ही रडून झोपेच्या तयारीत असते हो."

मी म्हटलं, हो का?

दुसऱ्या दिवशी वेल्डर आला. खांब खांद्यावर. "साहेब, कुठे ठोकायचा?" चिरंजीव हाफपँटीत, चहाचा कप हातात, जागेकडे बघतायत, गल्लीकडे बघतायत. म्हणाले, "तिकडे. गल्लीच्या तोंडाशी. मधोमध." वेल्डर म्हणाला, "मग तुमची गाडी आत कशी येणार?" हे म्हणाले, "नाही येणार."

ठोकला! अहो, काय गदारोळ झाला म्हणून सांगू! आठवडाभर जिन्याजिन्यात सभा. "आजारी माणसाचं काय?" कुलूप काढायचं, किल्ली डॉक्टरीणबाईंकडे. "सामानाचं काय?" कुलूप काढायचं. "माझ्या गाडीचं काय?" आता ती आजारीही नाही आणि सामानही नाही, मैदानापाशी लावा! काही घरं अजून माझ्या मुलाशी बोलत नाहीत. पण त्यांचीही पोरं खालीच असतात, मग निरोप पोरांकडून पोचतात!

आणि गंमत ऐका. गाडी मैदानापाशी गेली, म्हणजे लांब गेली. बसचा थांबा कुठे? गल्लीच्या कोपऱ्यावर! रोज गाडीपर्यंत चालत जाताना वाटेत बस थांब्यावर उभी. चार दिवस चिरंजीव तिच्या पुढून चालत गेले. पाचव्या दिवशी ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "खिडकीपाशी बसा, डाव्या बाजूला ऊन लागत नाही." गेला बसने! आता कधीमधी गाडी लागली तर काढतात, एरवी ती बदामी बाई तिकडे धूळ खात उभी असते. रविवारी हा फडकं घेऊन भेटायला जातो तिला.

तर असं सगळं छान झालं, आणि परवा काय झालं? मी खुर्चीत, वेत हातात, पोरं खेळतायत. गल्लीच्या तोंडाशी खांबाला नाक लावून एक गाडी. आत एक तरुण बाप, मागे दोन पोरं काचेला चिकटलेली. बाप उतरला, चालत माझ्यापर्यंत आला, फार अदबीने वाकला. "आजोबा, आम्ही शहराच्या त्या टोकाला राहतो. आमच्याकडे मुलांना खाली सोडायची सोय नाही हो, गाड्याच गाड्या. कुणीतरी सांगितलं इथे मोकळं खेळता येतं, म्हणून तासभर गाडी चालवून आणलं बघा! तेवढं गाडी कुठे लावू ते सांगता का?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्या पोरांकडे बघितलं. बिचारी पोरं! म्हटलं, मैदानापाशी लावा, पोरांना इथेच सोडून जा, मी आहे. आणि विचारलं, तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस आहे का?

"आहेत ना, वडील आहेत."

मग त्यांनाही आणायचं की बरोबर!

"आणलं असतं हो," तो म्हणाला, "पण ते खाली खुर्ची टाकून बसलेत. आम्ही परत गेल्यावर गाडी कुठे लावणार?"

आता याला काय म्हणायचं? मी चष्मा काढला, पुसला. म्हटलं, त्यांना माझा नमस्कार सांगा... आणि म्हणावं, उठायची घाई करू नका.